मी अध्यक्ष, कार्यकारिणी नंदूची

४ जाने. २००४, रवि.
निवडून आले! आमच्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळाची अध्यक्ष. आनंद साधारण दहा मिनिटं टिकला. मग कार्यकारिणीचा निकाल. पाचही जण नंदू देशकरच्या पॅनेलचे, चिटणीस स्वतः नंदू. म्हणजे खुर्ची माझी, हात सगळे त्याचे. आणि उद्या ऑफिसला जायचंय त्याच्याच व्हॅनमधून. तीन वर्षांचं कारपूल. काय बोलायचं?

५ जाने.
दार उघडून म्हणाला, "या, अध्यक्ष मॅडम." शुक्रवारपर्यंत 'अगं शुभा' होते. मी म्हटलं, "चला, चिटणीस साहेब." पुढे वीस मैल रेडिओवरचा ट्रॅफिक ऐकला.

१० जाने., शनि.
पहिली मीटिंग. नंदूचं बेसमेंट. संक्रांतीला मला मुलांचं नाटक हवंय, तालमी डिसेंबरपासून चालू आहेत. त्यांना अंताक्षरी. पाच विरुद्ध एक. मी मंडळाची घटना काढून वाचली : 'कार्यक्रम अध्यक्ष ठरवतील, कार्यकारिणी पार पाडील.' म्हटलं, मी ठरवलं. नंदू म्हणाला, "आम्ही पार पाडत नाही."
नंतर चहा. चहा उत्तम होता, हे कबूल.

११ जाने.
सगळ्या सभासदांना ईमेल टाकली : २४ ला तीन वाजता नाटक. बारा मिनिटांनी कार्यकारिणीची ईमेल : २४ ला तीन वाजता अंताक्षरी. हॉलही तोच. पहिला रिप्लाय कुलकर्ण्यांचा : "जेवण कुठल्या कार्यक्रमाला आहे?" अनिल, म्हणजे माझा स्वतःचा नवरा, म्हणाला, "रास्त प्रश्न आहे." रिया म्हणे, "आई, आर यू फायर्ड?"

१३ जाने.
घटना लिहिली लिमयेकाकांनी, मंडळ सुरू झालं तेव्हा. आता वय अठ्ठ्याहत्तर. 'ठरवणं' म्हणजे नक्की काय, हे त्यांनाच विचारायला गेले. तर नंदू आधीच सोफ्यावर, हातात तिळाच्या वड्यांचा डबा!
काका म्हणाले, "अगं, लायब्ररीवाले कागद दाखवल्याशिवाय हॉल देईनात. आमच्या हिच्या शिवणक्लबाची इंग्रजी नियमावली होती, तिचं मराठी करून दिलं. तेव्हा आम्ही अकरा माणसं. भांडायलासुद्धा पुरत नव्हतो."
मग बरोबर कोण? "दोघंही," म्हणाले आणि वडी घेतली.

१६ जाने.
ईमेल लिस्टचा पासवर्ड बदलला! कोणी, ते सांगायला नको. पण हॉलचं बुकिंग माझ्या सहीचं. त्यांच्याकडे जनता, माझ्याकडे जागा.
व्हॅनमध्ये नंदू : "हीटर वाढवू?" मी : "कार्यकारिणीत ठराव मांडा." फस्सकन हसला. मग आठवलं, आपलं भांडण आहे.

२४ जाने., शनि.
झालं एकदाचं. हॉलच्या मॅनेजरबाईने शांतपणे मधली घडीची भिंत ओढली. इकडे नाटक, तिकडे अंताक्षरी. आमच्या दरबारात तिकडची गाणी घुमत होती. राजा होती नंदूची ईशा. (तिला नाटकातून काढायचा ठराव मात्र कोणी मांडला नव्हता.) ऐन न्यायनिवाड्यात ईशा वाक्य विसरली. ओठ थरथरायला लागले. मी विंगेतून सांगतेय, तिला ऐकूच येईना. तेवढ्यात प्रेक्षकांतून खणखणीत आवाज : "प्रधानजी, या माणसाला माझ्यासमोर आणा!"
नंदू. खुर्चीवर उभा, हातात कॅमकॉर्डर, डोळे ओले. पुढची तीन वाक्यंही त्याला पाठ होती. घरी तिच्याकडून घोटून घेतलं असणार, एवढं वैर मांडून.
नाटक संपल्यावर भिंतीपलीकडे गेला आणि माइकवर जाहीर केलं, की शेजारी चाललेला कार्यक्रम घटनाबाह्य आहे.

२६ जाने.
नं. : "प्रयोग मस्त झाला."
मी : "थँक्यू."
नं. : "निषेधाचं पत्र दुपारी पाठवतोय. मनावर घेऊ नकोस."
'नकोस' म्हणाला. अहो-जाहो गेलं. बरं वाटलं, हे त्याला सांगणार नाही.

८ फेब्रु., रवि.
विशेष सभा. ठराव : अध्यक्षांचा ठरवायचा अधिकार काढून कार्यकारिणीला द्यावा. बाजूने एकतीस, विरुद्ध एकतीस. अनिलने हात वर केला तो मला पाठिंबा म्हणून की पाणी मागायला, यावर वाद. शेवटी सगळे लिमयेकाकांकडे वळले. काका म्हणाले, विचार करतो. मंगळवारी ते पुण्याला चाललेत, जूनपर्यंत. आणि पाडवा मार्चमध्ये!

१० फेब्रु., मंगळ.
काकांना एअरपोर्टला सोडायला मी हाफ डे टाकला. नंदूनेही. एकाला दुसऱ्याशिवाय काकांजवळ सोडायची तयारी नव्हती, म्हणून व्हॅन एकच. वाटेत काका फक्त गुडघ्यांवर बोलले.
सिक्युरिटीच्या रांगेतून अचानक वळले, आमच्याकडे हात केला आणि ओरडले, "पाडव्याचं तूच बघ..." शेवटचा शब्द नेमका अनाउन्समेंटमध्ये गेला.
मी स्पष्ट ऐकलं : "तूच बघ गं."
नंदू शपथेवर सांगतोय : "तूच बघ रे."
पार्किंगमध्ये, मग हायवेभर, मग माझ्या दारात गाडी उभी करून. गं. रे. गं! रे! अनिल बाहेर येऊन बघून परत आत गेला.
काका परवा पोचतील. फोन करून विचारायचं, एवढं ठरलं. कोणी करायचा, त्यावर मतदान बरोबरीत.