आप्पांच्या सायकलची सीट

खंडेनवमी, संध्याकाळ

आप्पांची सायकल मी कापली. गुडघे धरल्यापासून ते चालवत नव्हते, म्हणून त्यांना विचारलंसुद्धा नाही. मध्ये फळी, मागं मोटर, उभं राहून चालवायची स्कूटर. सीट काढून कोपऱ्यात टाकली.

आज पूजेला आप्पा झेंडूचा हार घेऊन आले. सायकल दिसेना. मी स्कूटर दाखवली. त्यांनी हँडल ओळखलं.

"झ्याक झालीय की. मला जमंल व्हय?"

त्या गुडघ्यांनी ते उभे कसे राहणार? कापताना हे सुचलं नाही? का सुचलं होतं?

त्यांनी कोपऱ्यातली सीट उचलली, टॉवेलनं पुसली, हार तिलाच घातला.

"स्कूटरला कुंकू तू लाव," म्हणाले, "तुझी हाय ती."