अंगावरचं

दि. ९ मार्च, दुपार

प्रिय ताई,

तुला नि भाऊजींना नमस्कार, पोरांना पापे. इकडे सगळं ठीक. तू पाठवलेली दुपटी छान मऊ आहेत. ठमीचं बाळसं बघून सासूबाईंचा जीव सुपाएवढा झालाय.

फोनवर मी "दूध भरपूर आहे" म्हणाले ना, तेव्हा त्या शेजारीच बसल्या होत्या. म्हणून पत्र.

ताई, माझं दूध पुरत नाही. ठमीला नीट ओढताच येत नव्हतं. दमायची, रडायची, उपाशी झोपायची. वजन उतरलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगावर पाजत राहा, जोडीला पावडरचं द्या. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "कुठलं दूध सांगितलंय?" मी म्हटलं, "वरचं." त्यांना कमी ऐकू येतं. त्यांनी ऐकलं, "अंगावरचं." इतक्या खूश झाल्या की मी गप्पच बसले.

तेव्हापासून पावडरचा डबा माझ्या बॅगेत, कपड्यांखाली. दार लावून आधी अंगावर घेते, मग थर्मासच्या पाण्यात पावडर कालवते. त्यांना कमी ऐकू येतं, तरी चमचा वाटीला लागला की हात थांबवून दाराकडे बघते. बाहेर सासूबाई खुर्ची टाकून पहारा देतात, "जाऊ नका कुणी, पाजतेय ती!" ह्यांना सगळं ठाऊक आहे, पण आईपुढे त्यांचं भिजलेलं मांजर होतं. माझा जीव गुदमरतो गं त्या खोलीत.

आज समोरची शिवणकामवाली आपल्या बाळाला घेऊन आली. तान्ह्याचे ओठ सुकलेले, लंगोट सकाळपासून कोरडा, रडायलाही त्राण नाही. पावडरच्या नादी लागू नकोस म्हणून सासूबाईंनीच तिला माझा दाखला दिला होता.

"वहिनी, एवढं दूध यायला तुम्ही काय खाता हो?" तिने विचारलं.

"सांग गं तिला," सासूबाई म्हणाल्या.

मी आत गेले, डबा आणला आणि टेबलावर ठेवला. "मी हे पाजते. तू आधी दवाखाना गाठ." ह्यांनी गाडी काढली.

सासूबाई डब्याकडे बघतच राहिल्या. "मग तेव्हा अंगावरचं म्हणालीस ते?"

"वरचं म्हणाले होते, आई." या वेळी मोठ्याने.

त्या तेव्हाच उठून स्वयंपाकघरात गेल्या, अजून तिथेच आहेत. ह्यांचा फोन आला, बाळाला सलाईन लावलंय, धोका टळला. दाराबाहेरची खुर्ची रिकामी आहे, डबा टेबलावर तसाच आहे. ठमी चुळबुळ करतेय. आता स्वयंपाकघरात, त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी उकळायचंय. भीती वाटते. पण ठमी थांबायची नाही.

तुझी,
अंगावरचं आणि वरचं, दोन्ही पाजणारी
धाकटी