आमच्या गावचा कप्तान

माननीय राष्ट्राध्यक्ष साहेब,

या यादवी युद्धात तुम्ही आणखी एक सेनापती घरी बसवलात, असं दुकानात ऐकलं. बरं केलंत, पण नवा सेनापती तुम्ही शोधताय चुकीच्या जागी.

आमच्या ओहायोत तुकडीतली पोरंच मतं देऊन कप्तान निवडतात. माझा मुलगा ऑल्डन आमच्या गावच्या तुकडीत आहे. आधी त्यांनी वेंडेल फेअरचाइल्डला निवडलं, कारण तो घोड्यावर शोभायचा आणि भाषण झकास ठोकायचा. नदीकाठी पोचल्यावर मात्र त्याला पलीकडे रोज दुप्पट शत्रू दिसायला लागले. तो जादा कुमक मागत बसला आणि पोरं तिथेच हगवणीनं मेली. उरलेल्यांनी मग होझिया ट्रिपला मतं दिली. हा डुकरांचा व्यापारी, चार शब्द बोलायचे तर याला घाम फुटतो. तो एवढंच म्हणाला, "दिसतात तेवढेच मोजा रे, आणि चला." त्याच दुपारी सगळे नदीपार झाले.

तुम्हाला हवा तो माणूस हाच, हे मी छातीठोकपणे सांगते. पण ट्रिपला तुम्ही नेलंत, तर पुढच्या नदीवर माझ्या ऑल्डनला कोण नेणार?

म्हणून हे पत्र चुलीत घालतेय. तुमचा सेनापती तुम्हीच शोधा.

आपली,
मर्सी थॉर्नडाइक