चोवीस जणांत

४ मार्च, मंगळवार

अर्ज भरला. आधी माझा, मग टिटवीचा – तिच्या शेजारी बसून, नाहीतर तिने उद्यावर ढकलला असता. शाळेत बाईंनी ठेवलेलं नाव तिला आजही शोभतं. अर्ज भरतानाही तोंड चालूच!

तीन वर्षांचा कार्यक्रम, कॉलेज सांभाळून. वेगवेगळ्या कॉलेजांतले चोवीस जण, आणि शेवटपर्यंत तेच चोवीस. शनिवार-रविवार एकत्र शिकायचं. पहिलं वर्ष दवाखान्यात, मग कारखान्यात, मग न्यायालयात. कामं कशी चालतात ते बघायचं, माणसांना विचारायचं, एकमेकांना शिकवायचं. कॉलेजात आजवर मला हजेरीपलीकडे कुणी काही विचारलेलं नाही.

६ मार्च

जेवताना बाबा म्हणाले, "तीन वर्षांनी हातात काय येणार?" आई म्हणाली, "डोकं ताळ्यावर आलं तरी पुष्कळ." दोघं हसले. मी पानावरून उठले.

१५ मार्च

निवडीचा दिवस. आमचे गट पाडले. टिटवी दुसऱ्या गटात. काम असं – शाळा सुटते तेव्हा समोरच्या रस्त्यावर गाड्या थांबत नाहीत, काय कराल? मी लगेच फळ्यावर नकाशा काढायला लागले. एक उंच मुलगा मागून म्हणाला, "पण शाळेतल्या मुलांना विचारायचं कुणी?" मग सगळे एकदमच बोलायला लागलो. कोण कुणाचं ऐकतंय कळेना, मी माझा नकाशा स्वतःच पुसला, आणि तरी शेवटी काहीतरी खरं उभं राहिलं. घसा बसलाय. हीच माणसं हवीत मला.

मग एकेकाची मुलाखत. चष्मा डोक्यावर सरकवलेल्या बाई. मी उठता उठता त्यांनी विचारलं, "बरोबर आलेल्या मैत्रिणीची निवड नाही झाली, तर तू येशील?"

"नाही," मी म्हटलं. "दोघी, नाहीतर कुणीच नाही." तसं ठरलंच होतं आमचं.

परतताना बसमध्ये टिटवी गप्प – टिटवी! उतरताना म्हणाली, "मी तुझ्यासाठी आले होते गं. आता मलाच हवंय." मी भर रस्त्यात तिला मिठी मारली.

१९ मार्च

काही नाही.

२२ मार्च

आजही नाही. कपाट आवरलं, परत विस्कटलं. आई म्हणाली, "बघत बसल्याने फोन वाजतो होय?" संध्याकाळी टिटवी आली. शनिवारी कुठली बस, खिडकी कुणाची, सगळं तिचं ठरवून झालंय. मी हो हो म्हणत होते. ती गेल्यावर मनात आलं, एकीलाच घेतलं तर? आणि पुढचं चित्र डोळ्यांसमोर आलं, त्यात मी एकटी होते. छान हसत होते. उठले आणि न सांगता सगळी भांडी घासली. आई बघतच राहिली.

२५ मार्च

त्या बाईंचा फोन आला. मला घेतलंय. टिटवीला नाही.

"तू काय म्हणाली होतीस ते लक्षात आहे माझ्या," त्या म्हणाल्या. "दोन दिवस घे. विचार करून कळव."

दोन दिवस नकोत, म्हटलं. येते.