आवाज करून खायचं दुकान

ता. ३, मंगळवार

जावई आधी उगवले! लेक मागून, पिशव्या सावरत. आधी कळवायचं म्हणून नाही. मी डोक्याला तेल थापून बसलेली — काय ते ध्यान! लगेच शेजारच्या शिंपीणबाई डोकावल्या, "पाहुणे आले वाटतं?" ह्या बाईला वास लागतोच.

टेबलावर तीन ताटं मांडली. 'हे' आपलं ताट घेऊन नेहमीसारखे स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून. अर्धांगाच्या झटक्यापासून तोंड एका बाजूला ओढलंय, ओठ नीट मिटत नाहीत. पातळ काही खाल्लं की सुर्र आवाज होतो, हनुवटीवरून ओघळतं. मागे एकदा जावयांनी — बिचाऱ्यांनी चांगल्या मनानेच — जेवताना टीव्हीचा आवाज वाढवला. ह्यांना कळायचं ते कळलं. तेव्हापासून टेबल सुटलं. काही बोलावं तर, "तू तुझं जेव." हट्टी म्हणजे किती!

ता. ५, गुरुवार

लेकीने डोळे दाखवायला आपल्या गावी ओढून आणलं. ह्यांना डबा शिंपीणबाई देणार. डॉक्टरने ताटकळत ठेवलं, वर म्हणतो, "आजी, वय झालं." हे सांगायला एवढा शिकला!

ता. ६, शुक्रवार

जावयांनी स्टेशनाजवळ जेवायला नेलं. बाहेर ही रांग! "जपानी आहे, आई. साधंच." साधं? बसायला उंच स्टूल, पाय लोंबकळतात. तोंड भिंतीकडे. हातात दोन काड्या! विणायच्या सुया दिल्या असत्या तर निदान स्वेटर झाला असता.

आणि आवाज! टायवाले साहेब, कॉलेजच्या पोरी, सगळे वाडग्यात मान खुपसून सुर्र-सुर्र. आमचे जावईसुद्धा! मी लेकीला कोपर मारलं, "नवऱ्याला आवर!" ती हसते. "अगं आई, ह्या नूडल्स आवाज करूनच खातात. कोणी वाईट मानत नाही."

मी काड्या खाली ठेवल्या. मग ह्यांनीच काय पाप केलंय?

ता. ९, सोमवार

घरी आले. शिंपीणबाईंना सांगितलं तर म्हणतात, "अहो, तसलं दुकान बँकेच्या मागे कधीचं उघडलंय!" रोज त्याच रस्त्याने भाजी आणते मी! दाराला अर्धाच पडदा आहे. मला वाटायचं, बिचाऱ्याला कापड कमी पडलं. "मी तर पुरा शिवून देऊ का, असं विचारणार होते," — शिंपीणबाई.

ह्यांना म्हटलं, चला. "मी तमाशा व्हायला येणार नाही." बरं!

ता. १०, मंगळवार

नाही म्हणजे नाहीच. भिंतीने तरी ऐकलं असतं.

ता. ११, बुधवार

मी खोटं बोलले. चष्मा आणायचाय म्हणून बाहेर काढलं आणि पडद्याखालून आत ढकललं. हे घुश्शात बसले. समोर वाडगं, हात मांडीवर. रस्सा निवत चालला आणि माझं डोकं तापत. पलीकडच्या स्टुलावर पोस्टमन होता. त्याने अशी काही सुर्र ओढली की ह्यांनी वळून बघितलं! मग ह्यांनीही. हळूच. मग मोठ्याने. रस्सा हनुवटीवर, थोडा माझ्या बाहीवर. आतून स्वयंपाकी ओरडला, "आजोबा, अजून घालू?"

"घाल!"

मी समोर बघत बसले. बरं झालं, तिथे समोर भिंतच असते.

ता. १६, सोमवार

डोक्याला ताप! आता रोज तिथेच. मला न घेता! पोस्टमनशी गट्टी जमलीय. घरी मी केलेलं चाखून म्हणतात, "ह्यात दम नाही." जन्मभर माझ्या हातचं खाल्लं, आता दम नाही! आणि एवढं करून घरात ताट अजून स्वयंपाकघरातच, दाराकडे पाठ. दुकानात वाघ, घरात — जाऊ दे. कुठे कुठे ढकलू ह्या माणसाला?

ता. १९, गुरुवार

लेकीचा फोन. रविवारी दोघं येतायत, नक्की. ह्यांना सांगितलं. उठले, टीव्हीचा रिमोट घेतला, सदऱ्याच्या खिशात टाकला. म्हणाले, "रविवारी टेबलावर चार ताटं मांड."

रिमोट अजून खिशातच. माझी मालिका बुडाली. बुडू दे!