इल्फर्डचे बॅलनर्क

३ मार्च, सोम
मालकीण फरीदा आंटीने ड्रायक्लीनिंगच्या दुकानात नवा रोटा चिकटवला, कोणाची ड्यूटी कधी त्याचा. त्यावर माझं आडनाव अख्खं. सूट न्यायला आलेला एक माणूस ते वाचून म्हणाला, बॅलनर्क कोण, आज सुट्टीवर? मी म्हटलं हो. त्याचा सूट देऊन टाकला.

शाळेत पण हेच. नवीन टीचर हजेरी घेताना स्कॉटिश नाव वाचून लाल केसांची मुलगी शोधायचे. मग मी हात वर करायचे, मग तो चेहरा. सिक्स्थ फॉर्म (अकरावी-बारावी) नोव्हेंबरमध्ये सोडला. सगळे कारण विचारतात. एका सकाळी गेले नाही, मग दुसऱ्या सकाळी पण गेले नाही. एवढंच.

ठरलंय. पासपोर्ट मेमध्ये संपतो. नव्यावर बॅलनर्क नको. मीरा घाटबांधे. आईचं माहेरचं. डीड पोलचा, म्हणजे कायदेशीर नाव बदलायचा फॉर्म प्रिंट केला. दोन साक्षीदार लागतात, नातेवाईक चालत नाहीत. म्हणजे दोन परक्या लोकांशी बोलावं लागणार. वा.

(मराठीत लिहिते कारण आंटीला वाचता येत नाही. आईला येतं, पण माझं अक्षर लागत नाही.)

९ मार्च, रवि
आईला सांगितलं. ती भेंडी चिरत होती, चिरतच राहिली. म्हणाली, मग मधे काय लावशील? मी म्हटलं सुनीता, तुझं. तर म्हणे मधे बापाचं असतं ग, आईचं कोण लावतं.

बाप बेसिंगस्टोकला नव्या बायकोकडे, ज्युलीकडे राहतो, त्याला आठ वर्षं झाली. पण मधली जागा त्याची. फिक्स.

मग नागपूरला सुधीरमामाला व्हिडिओ कॉल. मला वाटलं खूश होईल. त्याने आधी नेटवर्क गेल्याचं नाटक केलं. मग म्हणाला, "बाळा, लेकीच्या लेकीला माहेरचं नाव, असं नसते ना. उद्या लग्न झालं का बदलनारच आहे." म्हणजे ज्यांचं नाव टाकायचंय त्यांनी ठेवायला सांगितलं नाही, आणि ज्यांचं घ्यायचंय ते देत नाहीत. छान लोक आहेत दोन्हीकडचे.

१४ मार्च, शुक्र
पोस्टाने जाड पाकीट. 'बॅलनर्क कुटुंब' असं नाव. कुटुंब म्हणजे मी, आई आणि बंद पडलेला ड्रायर.

पाठवणारा डंकन बॅलनर्क, स्कॉटलंडमधल्या डंडीजवळच्या एका गावातला म्हातारा. (यापुढे डं.) पोस्टमन होता, रिटायर झाला, आता जगातले सगळे बॅलनर्क गोळा करतो. लोक स्टॅम्प जमवतात, हा माणसं. आमचं नाव-पत्ता मतदार यादीत मिळालं म्हणे. ईस्टरला गावच्या हॉलमध्ये 'मेळावा' आहे, राहायची सोय त्याच्या बहिणीकडे, या.

नाव कुठून आलं यावर चार पानं. 'बॅल' म्हणजे वाडी किंवा शेत, इथपर्यंत त्याला नक्की माहितीये. पुढच्या 'नर्क'च्या चार थिअऱ्या. चार आहेत म्हणजे एकही माहीत नाही. मी सांगते त्याला नरक म्हणजे काय.

१५ मार्च, शनि
पाकिटात चार नकाशे पण होते. दुकानात गर्दी नव्हती, काउंटरवर पसरून बघितले.

पहिला: सगळे ठिपके, म्हणजे बॅलनर्क, एका दरीत, अंगठ्याखाली झाकतील एवढ्यात. एक गिरणी, आसपास शेतं. दुसरा: दरी रिकामी होत चाललीय, सगळे डंडीत, तागाच्या कारखान्यात. तिसरा: कोणी ग्लासगो, कोणी कॉर्बीला स्टीलच्या कामावर, कोणी कॅनडात. चौथा आजचा: दरीत शून्य. बाकी इकडेतिकडे एकेक. आणि आमच्या इल्फर्डला तीन, लाल वर्तुळ करून.

म्हणजे इल्फर्ड ही बॅलनर्कांची राजधानी. आईला सांगितलं तर म्हणे, मग कौन्सिलला सांग लिफ्ट दुरुस्त करायला.

पण तीन कोण? ते खरं विनोदी आहे. चर्चच्या वहीतला सगळ्यात जुना बॅलनर्क म्हणजे ॲलन, गिरणीवाला. तिकडे मुलाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे त्याच्या एका शाखेत पिढ्यान्‌पिढ्या ॲलन. मग ती शाखा गायब. आणि आता डं.ला यादीत सापडलं: सुनीता ॲलन बॅलनर्क. मीरा ॲलन बॅलनर्क. एका जुन्या यादीत नुसता ॲलन, म्हणजे बाप. झालं. हरवलेली शाखा इल्फर्डला सापडली, आणि निष्ठा एवढी की गिरणीवाल्याचं नाव बायका-मुलींना पण देतात.

आई हसून हसून खाली बसली. "अगं, रजिस्ट्रारने मिडल नेम विचारलं, मी तुझ्या बापाचं सांगितलं. आपल्याकडे सगळेच लावतात." स्वतःच्या नावात पण तसंच, लग्नानंतर नागपूरला पासपोर्ट केला तेव्हा. ॲलनला तेव्हा फार रोमँटिक वाटलं होतं म्हणे.

मी म्हटलं डं.ला कळवते. आई म्हणाली राहू दे, म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं, त्या निमित्ताने स्कॉटलंड बघून होईल. आईला फुकट राहायला मिळालं की ती कुठलीही शाखा आहे.

२३ मार्च, रवि
बेसिंगस्टोक. दर दोन महिन्यांनी जेवण, ॲलन आणि मी, स्टेशनसमोरच्या पिझ्झाच्या जागी. तो विचारतो काम कसं चाललंय, मी सांगते बरं, मग तो चीज ओढत बसतो.

आज डं.चं पाकीट दाखवलं. त्याने नकाशा उलटा धरला. मग कान लाल करून म्हणाला, मला सांगायचंच होतं, मी आता हॉलोवे आहे. बाळ झाल्यापासून. तिघांचं एक नाव बरं पडतं. ज्युलीच्या बाबांना मुलगा नाही, त्यांना बरं वाटलं.

बाळ आता दोन वर्षांचं आहे. दोन वर्षं.

त्याच्या अख्ख्या खानदानातलं एवढं एकच आलं माझ्याकडे, ते पण त्याने स्वतः ठेवलं नाही. डबा दुसऱ्याच्या हातात देऊन माणूस पुढच्या स्टॉपला उतरून गेला. मी विचारलं, आईला माहितीये? तर म्हणे, तूच सांग ना.

सांगितलं. आई फक्त म्हणाली, "हॉलोवे सोपं आहे, स्पेलिंग सांगावं लागणार नाही."

२९ मार्च, शनि
फरीदा आंटीला साक्षीदार व्हा म्हणून विचारायला तीन दिवस लागले. शेवटी फॉर्म तिच्या चहाच्या कपाजवळ ठेवला आणि इस्त्रीकडे निघून गेले. तिने न विचारता सही केली. वर म्हणाली, बेटा, मी तीनदा नाव बदललं, कपडे तेच राहिले. आंटीला वाटतं ती फार खोल बोलते.

एक सही बाकी.

१९ एप्रिल, शनि
डंडीजवळ. पाऊस आडवा पडतो इथे. आई ट्रेनमध्ये अख्खा डबा चिवडा वाटत आली, कोणी मागितला नव्हता.

हॉलला ओल्या कोटांचा वास. नावाचे आम्ही फक्त चार: डं., कॉर्बीचा एक लॉरी ड्रायव्हर, आई, मी. बाकी आठ-नऊ जणी म्हाताऱ्या, एकेकाळी बॅलनर्क, लग्न झाल्यावर नकाशातून गेल्या. डं.ची बहीण मोइरा पण त्यातलीच. चहा ओतताना मला म्हणाली, "मी एकोणीस वर्षं ठिपका होते. मग चर्चमध्ये गेले आणि बाहेर येईपर्यंत पुसली. सख्खा भाऊ आहे, पण त्याच्या नियमात बसत नाही."

मला सुधीरमामा आठवला. त्याची आणि डं.ची गाठ घालून द्यायला पाहिजे, रात्रंदिवस मुली पुसत बसतील.

डं. उंच, हिअरिंग एड, टायवर सूपचा डाग. (टोमॅटो. व्हिनेगरने जाईल.) चौथा नकाशा भिंतीएवढा करून लावलेला. त्याने भाषण वाचलं. दरी, गिरणी, ताग, कॉर्बी, आणि मग 'इल्फर्डची ॲलन शाखा'. बोलता बोलता आवाज फाटला त्याचा. म्हणे मला वाटलं होतं माझ्याबरोबर हे संपणार, आणि बघा. आणि मला उभं केलं. सगळे टाळ्या वाजवायला लागले. सतरा वर्षं मी हेच टाळत आलेय. आई पण वाजवत होती, तोंडात शॉर्टब्रेडचं बिस्किट.

भाषण पुढच्या महिन्यात पुस्तिका म्हणून छापणार आहे. मूर्ख माणूस. सगळे मूर्ख, आणि आम्ही दोघी चोर.

२० एप्रिल, रवि
सकाळी डं. मला एकटीला दरी दाखवायला घेऊन गेला, आईने थंडी वाजते म्हणून मोइराकडेच चहा घेतला. दरीत काही नाही. गिरणीची एक भिंत, त्यावर शेवाळ. एक मेंढी. तो असा उभा राहिला जसं काही ताजमहाल.

मी सांगून टाकलं. तोंडाने, सरळ. ॲलन माझ्या बाबाचं नाव आहे, आमच्याकडे मधे बापाचं नाव लावतात, सगळेच लावतात, गिरणीवाल्याचा काही संबंध नाही.

त्याने कानातलं मशीन चाचपलं. मला वाटलं मशीन बंद आहे, आता परत सगळं सांगावं लागणार. मग म्हणाला, "सगळेच?"
"सगळेच."
"तुझ्या आईच्या मधे पण?"
"आधी तिच्या बाबाचं होतं. मग नवऱ्याचं."
"आणि तो ॲलन कुठे असतो?"
"बेसिंगस्टोक. तो आता बॅलनर्क नाहीये. बायकोचं नाव घेतलं."

तो हसला, पण वाईट हसला. म्हणाला, म्हणजे आमचा माणूस निघून गेला आणि तुम्ही दोघी राहिलात. का राहिलात?

असले प्रश्न कोणी विचारत नाही. मी फॉर्म काढला. म्हटलं, मी पण राहत नाहीये. एक सही हवीये, नातेवाईक चालत नाही.

त्याने अख्खा वाचला, मागची बाजू पण. पोस्टमन पत्ता वाचतात तसा. "काल मला सही करता आली नसती," तो म्हणाला. "काल मी तुझा नातेवाईक होतो."

घडी घालून खिशात ठेवला. चष्मा घरी आहे, करून पाठवतो. खोटं. चष्मा नाकावर होता.

२१ एप्रिल, सोम
परतीची ट्रेन. आईला सांगितलं. यॉर्कपर्यंत डोळे मिटून बसली. मग सुरू झाली. त्या माणसाने बेड दिला, अंडी उकडून दिली, आणि तू सणाच्या दिवशी त्याच्या हातात असला कागद दिलास. मी म्हटलं, तुला एवढा पुळका आहे तर तू का ठेवलंस ते नाव? ॲलन गेला तेव्हाच टाकायचं ना.

म्हणाली, "त्याचं म्हणून नाही ठेवलं. एकोणीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मला त्या नावाने हाक मारतात. सिस्टर, डॉक्टर, पोर्टर, सगळे. बॅलनर्ककडे पाठव, ती बघेल, असं म्हणतात. तो गेला, त्याने टाकलं, बरं झालं. आता ते माझं आहे."

मग चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात बसली. मी खिडकीबाहेर. तिच्याशी भांडायला नेहमी मीच आधी सुरुवात करते आणि नेहमी तीच शेवटचं बोलते.

२५ एप्रिल, शुक्र
पत्र नाही. म्हाताऱ्याने फॉर्म फाडला असणार. चांगलंच. नवीन प्रिंट काढता येते. आंटीला पण परत विचारावं लागेल, म्हणजे अजून तीन दिवस.

दुकानात आज कोणीतरी विचारलं, नाव काय. मी म्हटलं मीरा. पुढे? म्हटलं नुसतं मीरा. तेवढ्याने भागतं लोकांचं.

२ मे, शुक्र
आला. फॉर्म कडक, घडी पण नीट. डं.ची सही, पत्ता, व्यवसाय: निवृत्त पोस्टमन. काही नाटक नाही. मला वाटलं होतं वर चार पानं उपदेश असेल.

सोबत चौथा नकाशा, नवा. 'ॲलन शाखा' सगळी काढून टाकलीये. खाली एका ओळीत लिहिलंय की दक्षिणेकडे नाव दोन स्त्रियांनी टिकवलं. मोइराचा ठिपका आहे, डंडीच्या बाजूला. बाकीच्या म्हाताऱ्यांचे पण. मोइराने त्याच्या मानगुटीवर बसून करवून घेतलं असणार. इल्फर्डला दोन. एक शाईचा, आईचा. एक पेन्सिलचा. त्याच्याजवळ बारीक अक्षरात: छपाई महिनाअखेर, कळव.

पेन्सिलचा. शहाणा समजतो स्वतःला.

३ मे, शनि
दुकान दोनला बंद. आई ड्यूटीवर. स्वयंपाकघराच्या टेबलावर फॉर्म, काळं पेन.

आता फक्त माझ्या सह्या राहिल्या (खरं तर त्या आधी, साक्षीदारांसमोर करायच्या असतात, पण कोण बघतंय). दोन करायच्या असतात. आधी जुन्या नावाने, शेवटची. मग खाली नव्या नावाने, पहिली. कोणी तरी बसून विचार करून काढलेला छळ आहे हा.

जुनी केली. मीरा ॲलन बॅलनर्क. मी हे कधी अख्खं लिहीतच नाही, नेहमी एम. बी. करून सुटते. अख्खं लिहिलं तर ओळीच्या बाहेर गेलं. बरं आलंय अक्षर, उगाच.

खालची ओळ मोकळी.

बाहेर कोणाच्या तरी गाडीचा अलार्म वाजतोय, कोणी बंद करत नाही. फॉर्मवर लिहिलंय की दोन्ही सह्या एकाच तारखेच्या पाहिजेत. आत्ता साडेचार झालेत, बारापर्यंत वेळ आहे.