डोरीनच्या बरणीवरचं लेबल

२९ ऑगस्ट, शनिवार
संकल्प : आजपासून दुकानात उभं राहून लेबलं मोठ्याने वाचायची नाहीत. डोरीनला आवडत नाही. बायकोसाठी माणसाने एवढं केलंच पाहिजे.

दुपारी. संकल्प मोडला. दोष माझा नाही. अंड्यांच्या खोक्यावर छापलंय, 'यात अंडी आहेत'. आता गप्प कसं बसणार? मी गल्ल्यावरच्या पोरीला एवढंच विचारलं की, बाई, नसती तर काय छापलं असतं? मागे रांग होती. मुद्दा सगळ्यांना पटला असावा, कारण कोणी चकार शब्द काढला नाही. डोरीन तोवर बाहेर बस-स्टॉपवर जाऊन उभी राहिली होती. पावसात. तिला मोकळी हवा लागते.

१ सप्टेंबर, मंगळवार
मोठी बातमी! गावच्या वार्षिक प्रदर्शनात जॅम-लोणच्यांच्या टेबलाचा कारभार यंदा माझ्याकडे. अध्यक्ष ग्रिमशॉ म्हणाले, विल्फ, तूच कर बाबा, दुसरं कोणी तयारच होत नाही. म्हणजे माझ्या तोडीचं कोणी नाही.

चहाबरोबर नियमांची पुस्तिका वाचून काढली. बरणीवर कंपनीचं नाव नको. झाकण कोरं हवं. लेबलावर जॅमचं नाव, महिना आणि वर्ष. वा! याला म्हणतात लेबल. बाजारातल्या कंपन्यांनी इथे येऊन शिकवणी लावावी. परीक्षक बाई बाहेरगावाहून येतात, त्या फक्त चव बघणार. त्याआधी नियमात न बसणाऱ्या बरण्या बाजूला काढून त्यांच्यापुढे 'नियमात बसत नाही' असं कार्ड ठेवायचं. ते काम माझं.

डोरीनला सांगितलं. ती म्हणाली, अरे देवा. अभिमान वाटला असणार.

५ सप्टेंबर, शनिवार
डोरीनने कुंपणाजवळच्या झाडाचे डॅमसन काढून आणले. इवलीशी, जांभळी, आंबटढाण फळं. दरवर्षी यांच्या जॅमला तिचा दुसरा नंबर येतो. पहिला म्युरिएल हॅकिंगचा. मग म्युरिएल म्हणते, अगं, तुझाही काही वाईट नव्हता हं! आणि डोरीन घरी येऊन भांडी जरा जोरात घासते.

यंदा तिच्या बोटांचे सांधे धरलेत. डाव धरवत नाही. म्हणाली, विल्फ, हा शेवटचा जॅम. पुढच्या वर्षी माझ्याच्याने नाही व्हायचं. एकदा तरी पहिल्या नंबरचं कार्ड माझ्या बरणीपुढे बघायचंय रे. बिया काढायला बसतोस का जरा? मी म्हटलं, डोरीन, कारभाऱ्यानेच स्पर्धकाच्या फळांना हात लावला तर लोक काय म्हणतील? ती एकटीच बसली काढत. समजूतदार बाई आहे.

मी तेवढ्यात बिस्किटवाल्यांना पत्र लिहून टाकलं. पुड्यावर म्हणे 'नवी पारंपरिक कृती'. आधी ठरवा म्हणावं.

१० सप्टेंबर, गुरुवार
चटणीवाल्या कंपनीचं उत्तर आलं! मी विचारलं होतं, बाटलीवर 'थंड व कोरड्या जागी ठेवा' छापलंय, तर आमच्या पावसाळी लँकशरमध्ये थंड जागा हवी तेवढी देतो, कोरडी कुठून आणू? त्यांनी आभार मानलेत आणि चटणीची एक बाटली फुकट पाठवलीय. तिच्यावरही तेच छापलंय. पण वरपर्यंत खळबळ उडाली असणार.

१४ सप्टेंबर, सोमवार
जॅम झाला. काय रंग आलाय! डोरीन लेबल लिहायला बसली. पेन बोटांत ठरेना. एक-दोन लेबलं फुकट गेली. शेवटी एकावर 'डॅमसन जॅम, सप्टेंबर' एवढं लिहिलं आणि हात कोमट पाण्यात बुडवून बसली. मग म्हणाली, विल्फ, एकदा बघ रे, सगळं बरोबर आहे ना?

वर्ष नाही लिहिलेलं. मला तर दारातूनच दिसलं होतं. डोळे अजून शाबूत आहेत. पण तोंड कसं उघडणार? एका स्पर्धकाला सांगायचं तर सगळ्यांना सांगावं लागेल. म्हटलं, यावर मला काही बोलता येणार नाही. तर ती हसली. किती दिवसांनी हसली. म्हणाली, म्हणजे बरोबरच असणार. चूक सापडल्यावर तू गप्प बसला असतास होय!

तेव्हापासून छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय. ॲपल-पाय खाल्ल्यामुळे असेल. खोक्यावर 'दोघांना पुरेल' लिहिलं होतं, मी एकट्याने संपवला. कंपनीला कळवायला हवं.

१७ सप्टेंबर, गुरुवार
झोप नाही. लेबल डोळ्यांसमोरून हलत नाही. संकल्प : उद्या डोरीनला आडून सुचवायचं. सरळ सांगणं नियमात बसत नाही, पण आडून सुचवू नये असं पुस्तिकेत कुठेही नाही.

१८ सप्टेंबर, शुक्रवार
सुचवलं. नाश्त्याला सहज विचारलं, डोरीन, सध्या वर्ष कोणतं चालू आहे गं? ती पांढरीफटक पडली आणि तिने डॉक्टरांना फोन लावला. दवाखान्यात डॉक्टरांनी मला पंतप्रधानांचं नाव विचारलं. मी बरोबर सांगितलं. घरी येईपर्यंत डोरीनने माझा दंड सोडला नाही. म्हणाली, घाबरवलंस रे मला.

तेव्हा सांगता आलं असतं. पण बस आली.

१९ सप्टेंबर, शनिवार
सकाळी. हॉलमध्ये बरण्या मांडल्या. नावं झाकलेली असतात, पण डोरीनचं अक्षर मला कळणार नाही होय! तिच्या बरणीपुढे 'नियमात बसत नाही'चं कार्ड ठेवलं. ग्रिमशॉ म्हणाले, अरे विल्फ, ही तर तुझ्या डोरीनची... सोड की रे, कोण बघतंय? मी म्हटलं, मी बघतोय. ते माझ्याकडे बघतच राहिले. भारावले असणार.

दुपारी. परीक्षक मिसेस थ्वेट यांनी बाद केलेल्या बरणीतही चमचा घातला. मग पुन्हा घातला. म्हणाल्या, अहो, इतकी वर्षं चाखतेय, असा डॅमसन कधी मिळाला नाही. पहिला हाच होता. कोणत्या गाढवाने बाद केला? मी म्हटलं, टेबलाच्या कारभाऱ्याने. पहिला नंबर म्युरिएलला गेला.

लोकांसाठी दार उघडल्यावर डोरीन चांगला कोट घालून आली आणि थेट टेबलापाशी गेली. कार्ड वाचलं. परत वाचलं. म्युरिएल सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, अगंबाई, वर्षच लिहिलं नाहीस! असं कुणी विसरतं का? डोरीन म्हणाली, माझंच चुकलं. तुझा छान झालाय हं. मग सगळ्यांबरोबर उभी राहून तिने चहा प्यायला. कप दोन्ही हातांनी धरला होता.

संध्याकाळी. येताना बसमध्ये मी तिला नीट समजावून सांगितलं. उद्या कोणी म्हणायला नको की विल्फने बायकोला झुकतं माप दिलं. तिने विचारलं, तुला हॉलमध्ये दिसलं का ते? मी म्हटलं, छे! सोमवारीच दिसलं होतं, स्वयंपाकघराच्या दारातून. ती खिडकीबाहेर बघत राहिली. घर आल्यावर म्हणाली, ठीक आहे, विल्फ.

ठीक आहे म्हणाली. म्हणजे मिटलं.

२० सप्टेंबर, रविवार
मिटलेलं दिसत नाही.

उठलो तर जॅमच्या सगळ्या बरण्या गायब. चर्चच्या पायरीवर ठेवून आली म्हणे, ज्याला हवी त्याने न्यावी. जॅमचं मोठं पातेलं म्युरिएलला देऊन टाकलं. टेबलावर टोस्ट, लोणी आणि दुकानातली जॅमची बरणी.

घर फार शांत होतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी बरणी उचलली. 'आजीच्या हातची चव'. म्हटलं, डोरीन, हे ऐक, आता कारखान्यात आजी कुठून...

तिने कानातलं ऐकायचं यंत्र काढलं, बशीशेजारी ठेवलं आणि टोस्टला लोणी लावायला लागली. सुरी बोटांतून सुटत होती. मी म्हटलं, आण इकडे, मी लावून देतो. तिला ऐकू गेलं नाही.